सी-स्क्वर्ट स्वतःचा मेंदू खात नाही

सी-स्क्वर्ट हा समुद्रातला पिशवीसारखा प्राणी. खडकाला कायमचं चिकटल्यावर त्याला मेंदूची गरज उरत नाही, म्हणून तो स्वतःचा मेंदू खाऊन टाकतो, ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ती खरी नाही.

‘सायोना’ या सी-स्क्वर्टची अळी जेमतेम मिलिमीटरभर असते. ती डोक्याकडून खडकाला चिकटते, शेपूट आत ओढून घेते, आणि अळीच्या मज्जासंस्थेतल्या बऱ्याच पेशी मरून शरीरातच जिरतात. बेडकाच्या पिल्लाची शेपटीही अशीच जिरते; ती त्याने खाल्ली असं कुणी म्हणत नाही. आणि प्रौढाला मेंदू असतोच! पाणी आत घेणारी एक नळी, बाहेर टाकणारी दुसरी. या दोहोंच्या मध्ये चेतापेशींचा छोटा पुंजका बसलेला असतो. सायोनाचा हा पुंजका काढून टाकला, तरी काही आठवड्यांत नवा तयार होतो. निरुपयोगी अवयवासाठी कुठलं शरीर एवढा खटाटोप करेल?

पूर्वी हे प्राणी शिंपल्यांच्या गटात टाकले जात. १८६६ मध्ये अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी अळीच्या शेपटीतला पृष्ठरज्जू, म्हणजे कणा असलेल्या प्राण्यांच्या भ्रूणातही असणारी आधाराची लवचिक दांडी, दाखवला आणि वर्गीकरण बदललं. पाठ्यपुस्तकातला हर्डमानिया हाही एक सी-स्क्वर्टच. २००६ मधल्या जनुकीय अभ्यासानुसार तर पृष्ठवंशीय प्राण्यांचे, म्हणजे आपलेही, सर्वांत जवळचे अपृष्ठवंशीय नातेवाईक ॲम्फिऑक्सस हा माशासारखा दिसणारा छोटा समुद्री प्राणी नसून हेच आहेत.