ख्रिस्ती सेवाकार्य

श्रद्धा ही केवळ मनाने मानण्याची किंवा प्रार्थनामंदिरात उच्चारण्याची गोष्ट नसून ती शेजाऱ्याच्या गरजेपर्यंत पोचली पाहिजे, या धारणेतून ख्रिस्ती मंडळी, म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय किंवा चर्च, जे संघटित काम करते त्यास ख्रिस्ती सेवाकार्य म्हणतात. भुकेल्यांना अन्न, आजाऱ्यांची शुश्रूषा, कैद्यांच्या भेटी, निराधार मुले व विधवा यांचा सांभाळ, निर्वासितांना आसरा, मरणासन्न माणसांची सोबत ही त्याची जुनी आणि आजही चालू असलेली रूपे होत. व्यक्तीने केलेल्या दानधर्माहून ते एका बाबतीत वेगळे आहे. येथे देणारी व्यक्ती नसून मंडळी असते, आणि म्हणून कोणाला, किती, कोणाच्या हातून आणि कोणत्या हिशेबाने द्यायचे, हा प्रश्न सेवेच्या अगदी पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर चालत आला आहे.

बायबलचा दुसरा भाग असलेल्या नव्या कराराच्या ग्रीक भाषेत या कामासाठी ‘डायकोनिया’ हा शब्द येतो आणि ‘डीकन’ हे मंडळीतील पद त्यावरूनच आले. या शब्दाचा मूळ अर्थ पंगतीत वाढणे, असा दीर्घकाळ सांगितला जात असे. डीकन म्हणजे वाढपी, अशी सरळ प्रतिमा त्यामागे होती. ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन कॉलिन्स यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मात्र प्राचीन ग्रीक वाङ्मयातील उपयोग तपासून असे दाखवले की, कोणाच्या तरी वतीने सोपवलेली कामगिरी पार पाडणे हा या शब्दाचा गाभा आहे. सेवकाचा कमीपणा त्यात अभिप्रेत असतोच असे नाही. हा वाद निव्वळ शब्दकोशाचा नाही. पहिला अर्थ धरला तर सेवा ही नम्रतेची परीक्षा ठरते. दुसरा धरला तर ती नेमून दिलेली जबाबदारी ठरते आणि तिचा जाब विचारता येतो.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग सेवाकार्याचा आरंभ म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो एका तक्रारीने सुरू होतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. यरुशलेमेतील मंडळीत रोजचे वाटप चालू होते. त्यात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्या यहूदी श्रद्धावंतांनी केली. मराठीत ज्याला पंक्तिप्रपंच म्हणतात तोच हा दोष. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, तक्रार दडपली नाही, स्वतः वाटपही हाती घेतले नाही. सर्वांना बोलावून सात माणसे निवडायला सांगितली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्या गटावर अन्याय झाला त्याच गटाच्या हाती वाटपाची सूत्रे गेली, असे यावरून दिसते. या सातांना ‘डीकन’ असे तेथे म्हटलेले नाही, ती ओळख परंपरेने नंतर दिली. परंतु पंगतीतील वाटप आणि वचनाचा प्रचार या दोन्हींसाठी त्या उताऱ्यात डायकोनिया हा एकच शब्द योजलेला आहे. पुढे दोन हजार वर्षे ज्यांची विभागणी करण्याचा खटाटोप झाला ती दोन कामे मूळ भाषेत अशी एकाच नावाने वावरतात.

सेवेच्या धर्मशास्त्रीय आधारासाठी सर्वाधिक उद्धृत होणारा उतारा मत्तयकृत शुभवर्तमान या येशूचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे ख्रिस्त, भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्याशी स्वतःला एकरूप करतो. ज्यांनी मदत केली तेही चकित होतात, आम्ही तुला केव्हा पाहिले असे विचारतात. म्हणजे बक्षिसावर डोळा ठेवून त्यांनी काही केलेले नसते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पुण्य गुरुवारच्या उपासनेत अनेक मंडळ्यांतून हा विधी आजही केला जातो. याकोबाच्या पत्रात तर उघड्यानागड्या भावाला नुसते ‘ऊब घ्या व तृप्त व्हा’ असे म्हणून वाटेला लावणाऱ्या श्रद्धेची रोखठोक कानउघाडणी आहे. मात्र शास्त्र येथे एकसुरी नाही. येशूच्या डोंगरावरील प्रवचनातच एके ठिकाणी तुमची सत्कृत्ये लोकांना दिसोत असे म्हटले आहे, तर थोड्या पुढे, उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये असे बजावले आहे. मदतीच्या प्रत्येक फलकावर आणि छायाचित्रावर मंडळ्यांत जे वाद होतात त्यांचे मूळ या दोन वचनांमधील ताणात आहे.

आरंभीच्या शतकांतील व्यवहार बऱ्यापैकी तपशिलाने कळतो. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणारा जस्टिन हुतात्मा रविवारच्या उपासनेचे वर्णन करताना सांगतो की, भाकर व द्राक्षारस उपस्थितांना वाटल्यावर डीकन तो वाटा गैरहजर असलेल्यांकडे नेत. ऐपतदारांनी स्वेच्छेने दिलेले दान अध्यक्षाकडे जमा होई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे पाहुणे यांची तरतूद होई. प्रभुभोजनाची भाकर आणि गरजूची भाकर एकाच मेजावरून निघे. सेवाकार्य हे उपासनेला नंतर जोडलेले शेपूट नाही, या मताचा याहून भक्कम ऐतिहासिक आधार क्वचितच सापडेल.

दानाबरोबर याद्या आणि नियमही आले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात साठ वर्षांखालील विधवेचे नाव यादीत घालू नये असे म्हटले आहे. ‘डिडाखे’ या प्राचीन नियमपुस्तिकेनुसार वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवून घ्यावे, पण तो कायम राहू इच्छीत असेल तर त्याने आपल्या हाताने कमवून खावे. प्रेषित पौलानेही यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी एकट्याने नेली नाही. कोणी दोष ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला. इ. स. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने लिहिलेल्या पत्रात तेथील मंडळी १,५०० हून अधिक विधवा व गरजूंना पोसत असल्याची नोंद आहे, आणि त्याच पत्रात डीकनांची संख्या सात दिली आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखियातील मंडळीच्या यादीवर ३,००० विधवा व कुमारिका असल्याचे योहान क्रिसोस्तोम प्रवचनात सांगतो. विरोधकाची साक्षही उपलब्ध आहे. जुन्या रोमन धर्माचे पुनरुज्जीवन करू पाहणारा सम्राट जुलियन आपल्या पुरोहिताला लिहितो की, हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात, ही आपल्याला लाजिरवाणी गोष्ट आहे.

काप्पादोकियातील कैसरिया येथे ३६९ च्या दुष्काळानंतर बिशप बासिल याने नगराबाहेर आजारी, कुष्ठरोगी, गरीब व प्रवासी यांच्यासाठी वसाहतच उभारली. त्याचा मित्र ग्रेगरी तिला ‘नवे नगर’ म्हणतो. याच शतकाच्या अखेरीस फॅबिओला या धनाढ्य स्त्रीने रोममध्ये रुग्णालय काढले आणि आजाऱ्यांना ती स्वतः उचलून आणी. मध्ययुगात हे काम मुख्यतः मठांकडे गेले. येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्तच आहे असे समजून त्याचे स्वागत करावे, हा बेनेडिक्टच्या नियमावलीतील दंडक त्या काळाचा आदर्श सांगतो.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. दानाने पुण्य मिळते ही कल्पना जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने नाकारली, तेव्हा मग द्यायचे कशासाठी आणि मठांची संपत्ती जाणार कोठे, हे ठरवणे भाग पडले. सॅक्सनीतील लाइसनिग या छोट्या गावाने १५२३ मध्ये केलेली व्यवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिला ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. सर्व उत्पन्न एका सार्वजनिक पेटीत ठेवायचे. कारभारासाठी दहा विश्वस्त नेमायचे : सरदारवर्गाचे दोन, नगरपरिषदेचे दोन, गावकऱ्यांचे तीन व आसपासच्या शेतकऱ्यांचे तीन. पेटीला चार कुलुपे आणि चार गटांकडे एकेक किल्ली. चौघे एकत्र आल्याखेरीज झाकण उघडायचे नाही. विश्वस्तांनी दर रविवारी बसून अर्ज ऐकायचे आणि जमाखर्च वह्यांत उतरवायचा. कागदावर इतकी चोख असलेली ही योजना प्रत्यक्षात रखडली, कारण संपत्ती पेटीच्या स्वाधीन करण्यास नगरपरिषदच राजी होईना.

स्त्रियांचा सहभाग हा या इतिहासातील सर्वांत उपेक्षित भाग होय. पौल रोमकरांना लिहिताना किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो आणि तेथे डीकनसाठीचाच ग्रीक शब्द वापरतो. पूर्वेकडील मंडळ्यांत स्त्री-डीकनांची परंपरा कित्येक शतके टिकली. पश्चिमेत मात्र व्रतस्थ स्त्रीने मठाच्या भिंतीआड राहावे हा नियम घट्ट होत गेला. व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईझ द मारिलाक यांनी १६३३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या भगिनीसंघाने त्यातून वाट काढली. या भगिनींचा मठ म्हणजे आजाऱ्यांची घरे, खोली म्हणजे भाड्याची जागा आणि मठाचा ओवरा म्हणजे शहरातील रस्ते, असे व्हिन्सेंट म्हणत असे. प्रॉटेस्टंट जगात याला समांतर चळवळ जर्मनीत कैसर्सवर्थ येथे झाली. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) थिओडोर फ्लीडनर आणि त्यांची पत्नी फ्रीडरिके यांनी १८३३ मध्ये तुरुंगातून सुटलेल्या एका स्त्रीला आपल्या बागेतील लहानशा घरात आसरा दिला आणि १८३६ मध्ये शुश्रूषा करणाऱ्या भगिनींची संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५१ मध्ये येथेच काही महिने शिक्षण घेतले.

इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने आजाऱ्यांच्या भेटींवर भर दिला. मदत पाठवून देण्यापेक्षा ती स्वतः घेऊन जावी, कारण श्रीमंतांना गरिबांविषयी कळवळा नसतो तो प्रामुख्याने ते त्यांच्या घरी कधी जात नाहीत म्हणून, असे त्याचे म्हणणे होते. विल्यम व कॅथरिन बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनच्या पूर्व भागात सुरू केलेल्या कार्यातून पुढे मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) उभी राहिली.

सेवा आणि सुवार्ताप्रसार, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाचा प्रचार, यांचे नाते हा या विषयातील सर्वांत नाजूक मुद्दा आहे. पोट भरल्याशिवाय प्रवचन ऐकू येत नाही, असे एका बाजूने सांगितले जाते. भाकरीच्या मोबदल्यात धर्म मागणे हा भाकरीचाही अपमान आहे आणि धर्माचाही, असे दुसऱ्या बाजूने. मदतीचे आमिष दाखवून धर्मांतर केल्याच्या आरोपात सदासर्वकाळ तथ्य नव्हते, पण ते कधीच नव्हते असेही म्हणता येत नाही. सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या इव्हँजेलिकल मंडळ्यांच्या १९७४ च्या लोझान करारनाम्याने सुवार्ता आणि सामाजिक कार्य ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये असल्याचे मान्य केले, मात्र दोन्ही एकच नव्हेत असेही नमूद केले. आपत्कालीन मदतीची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता १९९४ मध्ये तयार झाली. तिच्या पुरस्कर्त्यांत रेड क्रॉसबरोबर चर्चच्या जागतिक संस्थाही होत्या, आणि मदतीचा उपयोग धार्मिक वा राजकीय मत पुढे रेटण्यासाठी करू नये हे तिचे कलम आहे. व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी २०११ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनाने आर्थिक प्रलोभने स्पष्ट शब्दांत नाकारली.

उपदेश वगळला की सेवेचे काय होते, याचे एक उदाहरण लंडनचे आहे. पाळक चॅड व्हारा यांनी १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी चर्चमध्ये दूरध्वनी सुरू केला. भेटीसाठी ताटकळणाऱ्यांना चहा देण्याकरिता काही स्वयंसेवक बसवले होते. चहा पिता पिता त्यांच्याशी बोलून अनेकांचे मन इतके हलके होई की, आत जाण्याची गरजच उरत नसे. व्हारा यांनी हे ओळखले आणि १९५४ मध्ये ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवले. धर्मोपदेश करायचा नाही हा नियम त्यांनी घालून दिला. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून वाढली.

दया की न्याय, हा दुसरा वाद विसाव्या शतकात तीव्र झाला. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत पाळक असलेले वॉल्टर राउशनबुश यांना तेथील बालकांच्या दफनविधींनी अस्वस्थ केले आणि पाप हे व्यवस्थेतही असते, ही मांडणी त्यांनी केली. लॅटिन अमेरिकेतील बिशपांच्या १९६८ च्या मेडेयीन परिषदेनंतर गरीब व शोषितांच्या मुक्तीवर भर देणाऱ्या ‘मुक्तीच्या धर्मशास्त्रा’ने हाच विचार पुढे नेला. केवळ अन्नवाटप करणारी मंडळी भुकेची कारणे विचारत नाही, हा या मांडणीचा आक्षेप रास्त आहे. पण आज रात्रीच्या जेवणाला कारणमीमांसा हा पर्याय होत नाही, हेही तितकेच खरे.

स्थानिक मंडळीच्या पातळीवर सेवाकार्य बहुतेक वेळा साध्या गोष्टींचे असते : उपासनेला येणे बंद झालेल्या वृद्धांची यादी, दर आठवड्याची ठरलेली भेट, औषधाची चिठ्ठी, शिधा, कार्यालयातला अर्ज भरून देणे. अनुभवी कार्यकर्ते पहिल्या भेटीत काही देत नाहीत. बसतात आणि विचारतात. जिच्या घरी नेमाने फराळाची पिशवी पोचते त्या वृद्धेला कदाचित पत्र वाचून दाखवणारे कोणी हवे असते. मुले आणि दुर्बल व्यक्ती यांच्याशी संबंध येणाऱ्या कामांत स्वयंसेवकांची पूर्वतपासणी आणि कोणाही प्रौढाने मुलाबरोबर एकट्याने न राहण्याचा नियम अनेक मंडळ्यांनी स्वीकारला आहे. मंडळ्यांतील अत्याचार वर्षानुवर्षे झाकले गेल्याचे उघड झाल्यावर आलेली ही शिस्त आहे, आणि ती उशिराच आली.

दुसऱ्या टोकाला सेवाकार्याचे प्रचंड संस्थांत रूपांतर झाले आहे. जर्मनीत कारितास (कॅथलिक) आणि डायकोनी (प्रॉटेस्टंट) या दोन चर्चप्रणीत संस्थांकडे मिळून १० लाखांहून अधिक वेतनधारी कर्मचारी आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांचा व वृद्धाश्रमांचा बहुतांश खर्च सामाजिक विमा व सरकारी निधी यांतून भागतो. अशा रुग्णालयातील परिचारिकेने चर्चची सभासद असावे का आणि तिच्या खासगी आयुष्याचे नियम मालकाने ठरवावेत का, हे प्रश्न तेथे न्यायालयांपर्यंत गेले. जर्मन कॅथलिक बिशपांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली सेवासंहिता बदलली आणि कर्मचाऱ्यांचे नातेसंबंध व खासगी जीवन सामान्यतः तिच्या कक्षेबाहेर काढले. संस्थेचे ख्रिस्तीपण टिकवण्याची जबाबदारी त्यानंतर प्रामुख्याने संस्थेवर व तिच्या चालकांवर आली.