शंभर रुपयांचं कीचेन (चावीच्या जुडग्याला लावायचं) मल्टिटूल घ्यावं का? पैसे द्यायच्या आधी एवढं वाचून घ्या

आमच्या दुकानाच्या काउंटरवर रोज कोणीतरी विचारतंच, "दादा हे बारा-इन-वन शंभर रुपयांत मिळतंय, चालेल का?" कोणतं आहे त्यावर ठरतं. हलणारे भाग जितके कमी तितकं स्वस्तातलं टूल जास्त टिकतं. एकाच पत्र्यातून कापलेलं, ज्याला बाटली ओपनर, एक चपटं टोक आणि नटाची दोन-तीन खाचं आहेत, ते बिनधास्त घ्या, त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. पण त्याच पैशात पक्कड, कात्री, चाकू, फाईल, टॉर्च सगळं मिळत असेल तर कुठेतरी काटछाट झालेलीच असते, आणि ती बहुतेक वेळा धातूत आणि पाती जोडणाऱ्या पिनेत (रिव्हेटमध्ये) असते.

चकाकी बघून काही कळत नाही, वरचं पॉलिश सगळ्यांचंच छान असतं. दुकानात चुंबक आहे, मागून घ्या आणि पकडीच्या जबड्याला लावा. अजिबात चिकटलं नाही तर तो बहुतेक जस्ताचा ओतीव माल, तो वाकत नाही, जोर पडला की कट्कन तुटतो आणि तुटलेल्या जागी राखाडी दाणेदार दिसतं. चाकूच्या पात्याला चुंबक चिकटलं म्हणून लगेच खूश होऊ नका, साध्या मऊ लोखंडालाही ते चिकटतं, पात्याला नीट पाणी दिलंय (तापवून कडक केलंय) की नाही ते त्यावरून समजत नाही. म्हणून काउंटरवर स्क्रू मारलेला लाकडी ठोकळा ठेवलाय, त्यातला एक स्क्रू स्वतः काढून परत बसवून बघा. स्वस्त टूलमधलं प्लसचं टोक बरेचदा चपट्या पत्र्याचंच असतं, ते स्क्रूत पूर्ण बसत नाही, घसरतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं, मग तो स्क्रू चांगल्या स्क्रूड्रायव्हरनेही निघत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. कृपा करून या टूलने काहीही उचकटू नका. रंगाच्या डब्याचं झाकण, रिमोटचं कव्हर, खोक्याच्या स्टेपल पिना, भिंतीतला खिळा, काहीही नाही. ही टोकं पिळायला केलेली असतात, आडवा जोर घ्यायला नाही. उचकटताना सगळा भार त्या बारीकशा रिव्हेटवर येतो, तिचं भोक लांबट होतं, मग एकच पातं नाही तर त्याच पिनेवरची सगळीच पाती डुगडुगायला लागतात किंवा बंदच होत नाहीत. बरीच मंडळी "एकदाच वापरलं हो" म्हणून परत आणतात, ते खरंही असतं कारण एकदाच पुरतं. टोक एका बाजूला वळलेलं आणि भोक लांबलेलं असेल तर आम्ही बदलून देत नाही, त्याबद्दल कृपया राग धरू नका, तो माल कंपनी आमच्याकडूनही परत घेत नाही. मुळातच रिव्हेट ढिली असेल किंवा पातं उघडत नसेल तर बिल घेऊन 7 दिवसांत या, काही न विचारता बदलून देऊ. झाकणं उघडायला जाड चपटा स्क्रूड्रायव्हर किंवा घरातल्या जुन्या चमच्याचा दांडा वापरा.

आणखी एक, या टूलची मूठ धातूची असते, त्यावर इन्सुलेशन नसतं. स्विचबोर्डमध्ये 230 व्होल्ट असतात, तिथे हे घालूच नका. त्यासाठी प्लास्टिक मुठीचा टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर वेगळा घ्या आणि आधी एमसीबी खाली करा. चाकूच्या पात्यालाही या साइजमध्ये सहसा लॉक नसतो, महागड्यातही नसतो, त्यामुळे टोकाने दाबून काही भोसकायला गेलात तर पातं उलटं बोटावरच मिटतं.

रोज वापरायचंच असेल, म्हणजे दुधाची पिशवी, कपड्याचा टॅग, नख, काटा काढणे, तर थोडे पैसे साठवून व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचं क्लासिक बघा. 58 मिमीचं आहे, चावीच्या जुडग्यात जाणवतही नाही, कात्री खरंच कापते, आणि कात्रीची स्प्रिंग, चिमटा, टूथपिक हे सुटे मिळतात, मागवून देतो. किंमत दहापटीच्या वर जाते, म्हणून घ्याच असा आग्रह नाही, आधी हातात घेऊन बघा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर कोणतंही घेतलं तरी पावसाळ्यात मधेमधे पुसून मशीन ऑइलचा एक थेंब सांध्यात सोडत जा.

विमानाने जाणार असाल तर घरूनच चावीतून काढून चेक-इन बॅगेत टाका, हँडबॅगेत पातं सापडलं तर सिक्युरिटीवाले जाऊ देत नाहीत.

ऑफिसात किंवा मंडळात वाटायला एकदम जास्त नग हवे असतील तर एकाच पत्र्याचंच घ्या, त्यावर नावही कोरून मिळतं, फक्त दिवाळीच्या आधी गर्दी असते म्हणून आठवडाभर आधी सांगा.