तळं भरायला एक तुकडा पुरतो

साल्व्हिनिया मोलेस्टा ही पाण्यावर तरंगणारी नेचेवर्गातली वनस्पती. नेच्यांना बिया नसतात, बीजाणू असतात. पण हिच्या पेशींत गुणसूत्रांचे पाच संच असल्यामुळे हिचे बीजाणूही वांझ निघतात. तरीसुद्धा आग्नेय ब्राझीलमधून निघून हिने आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियातले तलाव झाकून टाकले, ते केवळ मोडून मोडून. देठ तुटला की तुकड्यावरचा डोळा फुटतो आणि नवं रोप सुरू होतं. पाणी उबदार आणि खतावलेलं असेल, तर दोन-तीन दिवसांत दुप्पट.

हिचं पान भिंगाखाली बघण्यासारखं असतं. वरच्या बाजूला उभ्या केसांची दाटी, चार-चार केस टोकाशी जुळलेले, अगदी इवल्याशा रवीसारखे. त्यांच्यामुळे पाणी वरच अडतं आणि खाली हवेचा पातळ थर अडकून राहतो. पान पाण्यात दाबलं तर चंदेरी चमकतं, सोडलं की कोरडंच वर येतं. अशा पानांची जाड गादी तयार झाली की खालच्या पाण्याला ना ऊन मिळतं ना हवा. खालच्या वनस्पती मरतात, त्या कुजताना उरलासुरला प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात.

झांबेझी नदीवर करिबा धरणात पाणी साठू लागलं आणि १९५९ मध्ये तिथे हे तण दिसलं. काही वर्षांतच त्याने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी व्यापलं. पण शास्त्रज्ञ त्याला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा ही भलतीच जात समजत होते. त्या जातीवर जगणारा भुंगेरा त्रिनिदादहून आणून सोडला, त्याने काही फरक पडला नाही. ही वेगळी जात आहे हे १९७२ मध्ये ठरलं, तिचं मूळ घर ब्राझीलमध्ये सापडलं १९७८ मध्ये. तिथे तिच्यावर जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा, सोंड असलेला एक भुंगेरा मिळाला. तो १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला आणि सव्वा वर्षाच्या आत हजारो टन तण बुडालं. अळ्या देठ आतून पोखरतात, प्रौढ भुंगेरे कोवळे डोळे खातात. म्हणजे घाव बरोबर जिथून फुटवा येतो तिथेच बसतो.

पापुआ न्यू गिनीच्या सेपिक नदीच्या खोऱ्यात मात्र हाच भुंगेरा आधी तग धरेना. तणातच नत्र कमी, त्यामुळे किड्याचं पोट भरेना. शेवटी तणावर युरिया टाकावा लागला! नत्र वाढलं, भुंगेरे वाढले आणि तण बसलं. तणाला खत घालून तण मारल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

एरवी मात्र खत हाच घरभेदी. सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारं नत्र-स्फुरद तलावात येत राहिलं, तर कोणताही उपाय थकतो. व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकात जलपर्णीने शेकडो चौरस किलोमीटर व्यापले. दक्षिण अमेरिकेतले भुंगेरे सोडल्यावर ती ओसरली, नंतर पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिली. जलपर्णीला बियाही धरतात आणि त्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

यंत्राने उपसणं डोळ्याला समाधान देतं. पण कापणी करताना सुटलेले तुकडे अडवायला भोवती तरंगता अडसर नसेल, तर आपण लागवडच करत असतो. तणनाशक सरसकट मारलं तर मेलेली गादी एकदम कुजते आणि प्राणवायू झपाट्याने घटतो. मारायचंच असेल तर पट्ट्यापट्ट्याने, मध्ये काही दिवस सोडून. शिवाय तणही शिकतं: फ्लोरिडात हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या तणाने फ्लुरिडोन या तणनाशकाला दाद देणं बंद केलं.

म्हणून माझं लक्ष तुकड्याच्या प्रवासावर. तो एका तळ्यातून दुसऱ्यात जातो तो बोटीच्या पंख्याला गुंडाळून, ट्रेलरच्या चाकात अडकून, मासेमारीच्या जाळ्यातून किंवा मत्स्यालयाचं पाणी कोणी ओतून दिल्यावर. बोट काढली की हाताने तण सोडवायचं, तळातलं पाणी काठावरच ओतायचं, सगळं खडखडीत वाळवायचं आणि मगच दुसऱ्या पाण्यात उतरवायचं. घरच्या टाकीतली शोभेची रोपं उन्हात वाळवून कचऱ्यात टाकावीत. गटारात किंवा ओढ्यात नाही.

आणि लवकर बघायचं. तण दर पंधरवड्याला दुप्पट होत असेल, तर तलावाचा बत्तिसावा भाग झाकलेला दिसतो तेव्हा पूर्ण भरायला अडीच महिने उरलेले असतात. बत्तिसावा भाग म्हणजे काठाला अडकलेली थोडीशी हिरवळ. तक्रार करावी असंही कोणाला वाटत नाही. तेव्हा काही माणसं आणि एक होडी पुरते.

हायड्रिला मात्र त्यातही फसवते. ती तळाच्या गाळात छोटे कंद सोडते, आणि वरचं सगळं रोप उपटलं तरी ते कंद कित्येक वर्षांनी फुटू शकतात. अशा तलावात शेवटचं रोप काढल्यावरही दर हंगामात पाण्यात उतरून तळ तपासावा लागतो, आणि त्या कामासाठी पैसे मागताना दाखवायला समोर काहीच नसतं.