घोड्याचे पाय आणि मरणाचा 'संकेत'

अश्वारूढ पुतळ्याच्या घोड्याचे दोन्ही पुढचे पाय हवेत असले तर स्वार रणात पडला, एक उचललेला असला तर जखमांनी गेला, चारही जमिनीवर असले तर नैसर्गिक मरण. हा 'नियम' वर्षानुवर्षे फिरतो आहे. शिल्पकलेत असा नियम नाही.

शिवाजी महाराजांचेच पुतळे बघा. कुठे घोड्याचा एक पाय वर, कुठे दोन्ही. महाराजांचे निधन मात्र एकदाच झाले, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर, आजारपणात. माद्रिदमधला, स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या पुतळ्याचा दोन पायांवरचा घोडा तर राजा हयात असतानाच, १६४० मध्ये घडला!

पाय किती उचलायचे हे ठरवतात शिल्पकाराची कल्पना आणि वजन. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. दोन पायांवर उभा करायचा तर सगळा भार मागच्या खुरांवर येतो. म्हणून पुढची बाजू पातळ ओततात, मागची जाड ठेवतात आणि पायांतला सांगाडा थेट चौथऱ्यात उतरवतात. सेंट पीटर्सबर्गमधल्या रशियाचा सम्राट पीटर याच्या पुतळ्यात घोड्याची शेपटी खालच्या सापाला टेकवली आहे. तो तिसरा आधार.

खरी काळजी घ्यायची ती इथेच. सांध्यांतून पाणी आत शिरले आणि निचऱ्याचे भोक बुजलेले असले, की ब्राँझला चिकटलेले सांगाड्यातले साधे लोखंड झपाट्याने गंजते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.