इंधन शिल्लक असताना अणुभट्टी का थांबते?

अणुऊर्जा केंद्रातील एखादी भट्टी इंधन भरण्यासाठी महिनाभर बंद राहणार, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते आणि ती वाचताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गाडीच्या टाकीचे चित्र उभे राहते: इंधन जळाले, टाकी रिकामी झाली, आता ती पुन्हा भरायची. हे चित्र मुळातच चुकीचे आहे. भट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनाच्या जुडग्याचे, म्हणजे एकत्र बांधलेल्या इंधनसळयांच्या गठ्ठ्याचे, वजन आत ठेवतानाच्या वजनाइतकेच भरते, आणि त्यातील मूळ युरेनियमपैकी सुमारे ९५ टक्के अजूनही युरेनियमच असते. तरीही तो काढावा लागतो, कारण संपलेली असते ती त्याची न्यूट्रॉन पुरवण्याची ऐपत.

युरेनियम-२३५ च्या एका अणूचे विखंडन झाले, म्हणजे त्याचे केंद्रक फुटले, की सरासरी २.४ न्यूट्रॉन सुटतात. शृंखला प्रक्रिया एकाच वेगाने चालू राहण्यासाठी त्यांपैकी नेमक्या एकाने पुढचे विखंडन घडवायला हवे. उरलेले शोषले जातात किंवा बाहेर निसटतात. एक हजार मेगावॉट वीज देणारी भट्टी सुमारे ३००० मेगावॉट उष्णता निर्माण करते आणि त्यासाठी तिच्यात दिवसाला साधारण ३ किलो जड अणूंचे विखंडन होते. भट्टीत ७० ते ९० टन युरेनियम असते, त्यामुळे हा खर्च किरकोळ वाटेल. पण हलक्या, म्हणजे साध्या, पाण्याच्या भट्टीतील ताज्या इंधनात युरेनियम-२३५ चे प्रमाण असते जेमतेम ३ ते ५ टक्के, आणि खर्च मुख्यतः त्यातूनच होतो. शिवाय विखंडनातून जन्मणारे काही अणू न्यूट्रॉनांचे कट्टर भक्षक असतात. झेनॉन-१३५ ची न्यूट्रॉन शोषण्याची क्षमता युरेनियम-२३५ च्या विखंडनक्षमतेच्या हजारो पट आहे. दुसऱ्या बाजूला युरेनियम-२३८ पासून प्लुटोनियम तयार होते आणि तेही विखंडनात भाग घेते. इंधनाच्या एकूण आयुष्यातील सुमारे एकतृतीयांश ऊर्जा त्यातूनच मिळते. या जमाखर्चात हळूहळू तूट येत जाते, आणि ज्या दिवशी एका विखंडनामागे पुढचे एक विखंडन घडवणे जमेनासे होते, त्या दिवशी भट्टी पूर्ण शक्तीवर चालू शकत नाही.

म्हणजे दीड वर्ष सलग चालायचे असेल, तर ही तूट भरून काढणारी शिल्लक पहिल्याच दिवशी भट्टीत असायला हवी. मग पहिल्या दिवशी एवढे जास्तीचे न्यूट्रॉन आवरायचे कसे? न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक सळया कायम अर्ध्यावर घालून ठेवल्या तर भट्टीचा एक भाग थंड आणि दुसरा नको तेवढा तापलेला राहील. म्हणून दाबाखालील पाण्याच्या भट्टीत बोरिक आम्ल थेट पाण्यातच विरघळवतात. त्यातील बोरॉन-१० हे समस्थानिक न्यूट्रॉन शोषून घेते, आणि पाणी सगळीकडे सारखे फिरत असल्यामुळे हा लगाम संपूर्ण गाभ्यावर सारखा बसतो. सळया जवळजवळ पूर्णपणे बाहेर ओढलेल्या असतात. इंधनाची शिल्लक जसजशी घटते, तसतसे पाण्यातील बोरॉन कमी करायचे, एवढेच रोजचे काम उरते.

हे काम दिसते त्याहून अवघड आहे. समजा, चक्राच्या, म्हणजे एकदा इंधन भरल्यापासून पुढच्या भरणीपर्यंतच्या काळाच्या, आरंभी पाण्यात दशलक्ष भागांत १२०० भाग बोरॉन आहे, ते रोज साधारण ३ भागांनी उतरवायचे आहे आणि प्राथमिक मंडलात, म्हणजे गाभ्यातून फिरणाऱ्या पाण्याच्या बंद मार्गात, २५० टन पाणी आहे. बोरॉनच्या चारशेव्या हिश्शाइतकी घट हवी असल्यामुळे तेवढेच पाणी, म्हणजे सुमारे ६०० लिटर, काढून त्या जागी शुद्ध पाणी सोडले की काम भागते. परंतु चक्राच्या शेवटी बोरॉन ३० भागांवर आले असता तेच ३ भाग कमी करण्यासाठी दहावा हिस्सा, म्हणजे जवळजवळ २५ टन पाणी बदलावे लागते, आणि ते सर्व काढलेले पाणी पुढे शुद्ध करत बसावे लागते. म्हणूनच शेवटच्या आठवड्यांत पाणी बदलण्याऐवजी आयन-विनिमय राळेतून, म्हणजे विरघळलेले पदार्थ पकडून ठेवणाऱ्या बारीक दाण्यांतून, बोरॉन गाळून घेतात.

आरंभी वाटेल तेवढे बोरॉन घालून चक्र लांबवता येईल, असे मात्र नाही. हलके पाणी न्यूट्रॉनांना मंद करते, आणि मंद न्यूट्रॉनच विखंडन सहज घडवतात. पाणी तापले की ते प्रसरण पावते, न्यूट्रॉन कमी मंद होतात आणि विखंडने आपोआप घटतात. टर्बाइनने जास्त वाफ ओढली तर पाणी थोडे थंड होऊन परतते आणि विखंडने वाढतात. मला अणुभट्टीतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती हीच: मागणीप्रमाणे शक्ती जुळवून घेणे हा पाण्याचाच गुण आहे. पण त्याच पाण्यात बोरॉन फार असेल, तर तापून प्रसरण पावताना गाभ्यातील बोरॉनही कमी होते. शोषक घटल्यामुळे विखंडने वाढू लागतात, आणि बोरॉन एका मर्यादेपलीकडे गेले तर तापमान वाढल्यावर शक्तीही वाढेल, अशी धोकादायक स्थिती येऊ शकते. ती टाळण्यासाठी काही इंधनसळयांत गॅडोलिनियम मिसळतात. ते आरंभी जास्तीचे न्यूट्रॉन गिळते आणि स्वतःच खर्च होऊन बाजूला होते.

याच ठिकाणी एका गैरसमजाचा समाचार घेणे आवश्यक आहे. शीतकरण मनोऱ्यांतून निघणारे पांढरे ढग हा किरणोत्सारी धूर असल्याचे आजही ठामपणे सांगितले जाते. ते निव्वळ बाष्प असते, आणि ज्या पाण्यापासून ते बनते ते इंधनाला कधीच शिवलेले नसते. तितकीच चुकीची दुसरी बाजू म्हणजे, एकदा इंधन भरले की अणुऊर्जा जणू विनासायास वाहत राहते, हा प्रचार. वरील जमाखर्चाची रोजची मोजणी थांबवली तर भट्टी महिनाभरही नीट चालवता येणार नाही.

जड पाण्याच्या भट्ट्यांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. जड पाणी, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असते ते पाणी, फारच कमी न्यूट्रॉन शोषते, त्यामुळे ०.७ टक्के युरेनियम-२३५ असलेले नैसर्गिक युरेनियमच त्यांना पुरते. पण शिल्लक बेताचीच असल्यामुळे तिथे नवे इंधन जवळजवळ रोज द्यावे लागते, तेही भट्टी चालू असताना. २२० मेगावॉटच्या भारतीय भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात आणि प्रत्येकीत अर्धा मीटर लांबीचे १२ जुडगे. दोन यंत्रे एका नळीच्या दोन्ही टोकांना घट्ट बसतात, आतला दाब स्वतःमध्ये घेतात, बूच काढतात, एकीकडून नवे जुडगे ढकलतात आणि दुसरीकडून जुने झेलतात. कैगा येथील पहिली भट्टी १३ मे २०१६ ते ३१ डिसेंबर २०१८ असे ९६२ दिवस न थांबता चालली, ती यामुळेच.

हलक्या पाण्याच्या भट्टीला थांबावेच लागते. बोरॉन शून्याजवळ आल्यावर पाण्याचे तापमान थोडे उतरवून आणि शक्ती रोज थोडी घटवून आणखी काही आठवडे काढता येतात, आणि मग सळया आत जातात. शृंखला प्रक्रिया त्या क्षणी थांबते. उष्णता मात्र थांबत नाही. विखंडनातून जन्मलेल्या अणूंच्या विघटनामुळे सुरुवातीला पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के, म्हणजे सुमारे २०० मेगावॉट, आणि एका दिवसानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास उष्णता निघतच राहते. म्हणून या कामात पंप आणि पाणी यांना क्षणाचीही सुट्टी नसते.

भट्टी थंड झाल्यावर झाकणाचे प्रचंड बोल्ट जलदाबाच्या यंत्राने ताणून नट सैल करतात, झाकण उचलतात आणि पात्रावरचा हौद बोरॉनयुक्त पाण्याने भरतात. यापुढचे सारे काम पाण्याखाली चालते. इंधनाच्या वर कित्येक मीटर पाण्याचा थर ठेवल्याने प्रारण अडते आणि काठावर माणसे उभी राहू शकतात. वरून पाहिले तर नुकत्याच काढलेल्या जुडग्याभोवती गडद निळा चेरेन्कोव्ह प्रकाश, म्हणजे पाण्यातून अतिवेगाने जाणाऱ्या कणांमुळे निघणारा प्रकाश, दिसतो. काठावरील प्रत्येक पाना, चष्मा, पेन दोरीने बांधलेले असते आणि आत येणाऱ्या वस्तूंची नोंद होते, कारण पडलेला तारेचा एक तुकडा पाण्याच्या प्रवाहात थरथरत राहून इंधनसळईचे झिर्कोनियमचे आवरण घासून भोक पाडू शकतो. तसे भोक असलेली सळई वर उचलताना पाण्याचा दाब कमी होऊन तिच्यातून वायू निसटतो आणि तो मोजून गळका जुडगा ओळखतात.

सुमारे एकतृतीयांश जुडगे कायमचे बाहेर जातात आणि तेवढेच ताजे आत येतात. उरलेल्यांच्या जागा बदलतात. जुने जुडगे मुख्यतः कडेला ठेवले की निसटणारे न्यूट्रॉन कमी होतात, आणि ताजे व अर्धवट वापरलेले जुडगे आलटून पालटून मांडले की शक्ती एका जागी साचत नाही. दीडशे ते दोनशे जुडग्यांच्या या मांडणीसाठी संगणकावर असंख्य पर्याय तपासले जातात. प्रत्येक जुडगा बसल्यावर न्यूट्रॉनांची मोजणी बघूनच पुढचा उचलतात. सर्व बसल्यावर कॅमेऱ्याने प्रत्येकाचा क्रमांक वाचून आराखड्याशी ताडतात.

पुन्हा सुरू करताना सळया बाहेर ओढून बोरॉन हळूहळू कमी करतात. शृंखला प्रक्रिया ज्या प्रमाणाला स्वतःच्या बळावर टिकते, ते आधी केलेल्या गणिताशी मर्यादेत जुळले तरच पुढे जातात. मग शक्ती टप्प्याटप्प्याने चढवून प्रत्येक टप्प्यावर गाभ्यातील न्यूट्रॉनांचा नकाशा काढतात. हा चढ मुद्दाम संथ ठेवतात, कारण तापलेल्या इंधनगोळ्या फुगून आवरणावर दाब देतात आणि आवरणाला तो ताण सोसायला वेळ लागतो. पूर्ण शक्ती गाठल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत झेनॉन आपल्या स्थिर पातळीला येतो, आणि त्याने खाल्लेल्या न्यूट्रॉनांची भरपाई करण्यासाठी बोरॉन एकदम काहीशे भागांनी उतरवावे लागते.