ट्रेनर लावलात, पण पंखा?

पावसाळा लागला की पुण्या-मुंबईतल्या कितीतरी रोड बाइक, म्हणजे वेगाने पळणाऱ्या सायकली, घरात येऊन ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) चढतात. ट्रेनर कोणता घ्यावा यावर मंडळी तासन्‌तास खल करतात आणि पंख्याचा विचार मात्र सगळ्यात शेवटी. माझ्या मते तो सगळ्यात आधी करायला हवा.

हिशेब साधा आहे. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के, त्यामुळे पॅडलवर १५० वॅट पोचवायला शरीर ७०० वॅटच्या आसपास खर्च करतं. उरलेल्या साडेपाचशेची नुसती उष्णता होते. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाभराची ही उष्णता घालवायला आठशे मिलिलिटर घाम वाळला पाहिजे. वाळला पाहिजे, गळून उपयोग नाही! रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना सेकंदाला आठ मीटर वेगाचा वारा हे काम फुकटात करतो. बंद खोलीत, त्यातही जुलैच्या दमट हवेत, घाम हनुवटीवरून टपटपत राहतो आणि अंग तापतच जातं. मग त्वचेकडे जास्त रक्त धाडावं लागतं, हृदयाचे ठोके चढतात आणि रोजच्याच वेगाला दम लागतो.

पॅडलवरचे ते १५० वॅटही खोलीतच मुरतात. मॅग्नेटिक ट्रेनरमध्ये चुंबकाजवळून धातूची चकती फिरते, तिच्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि तेच तिला अडवतात. त्या अडवणुकीत चकती तापते. म्हणून खिडकी उघडी हवी आणि स्टँडचा मोठा पंखा समोर, छातीच्या उंचीला. छताचा पंखा वाकलेल्या पाठीलाच वारा घालतो.

बाकीची जोडणी फार अवघड नाही. चाक रोलरवर टेकणारा ट्रेनर असेल, तर मागचा क्विक रिलीज (चाक पटकन सोडवायचा, खटका असलेला आसाचा दांडा) काढून ट्रेनरसोबत आलेला पोलादी स्क्यूअर, म्हणजे तसाच दांडा, बसवा. टायरमध्ये दर वेळी तेवढीच हवा भरा आणि जोर लावल्यावर टायर घसरणार नाही इतपत रोलर आवळा. मागचं चाक उचललं जातं, तेव्हा पुढच्या चाकाखाली ठोकळा द्या, नाहीतर सगळा भार तळहातांवर येतो. डायरेक्ट ड्राइव्हला, म्हणजे साखळी थेट ट्रेनरलाच जोडायच्या प्रकाराला, मागचं चाकच काढायचं असतं. तिथे कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आपल्या गिअरशी जुळणारी हवी, ११ स्पीडला ११ चकत्यांचीच.

आणि हँडलवर टॉवेल टाकाच. खारट घाम स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाच्या) बोल्टांच्या खाचांत साचून गंज धरतो, हँडलच्या टेपखाली झिरपून ॲल्युमिनियम खातो, आणि टेप उलगडेपर्यंत ते दिसत नाही.