डीओएजेमध्ये नोंदणी: ओजेएसवरच्या नियतकालिकांनी अर्जाआधी काय तपासावं

ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजे ओजेएस, हे नियतकालिक चालवायचं सॉफ्टवेअर बसवून पहिला अंक लागला की संपादकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: डीओएजेत नाव कधी येणार? डीओएजे, म्हणजे डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स, ही सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या संशोधन नियतकालिकांची २००३ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातून सुरू झालेली सूची. अर्जाला शुल्क नाही, पण घाईही उपयोगाची नाही.

नव्या नियतकालिकाचं प्रकाशन सुरू होऊन वर्षाहून जास्त काळ झालेला हवा, नाहीतर किमान १० शोधनिबंध खुले प्रसिद्ध झालेले हवेत. पुढे दरवर्षी निदान ५. वाचायला लॉगिन लागता कामा नये. प्रत्येक लेखाचा स्वतंत्र दुवा हवा. तो ओजेएस आपोआप देतं, मात्र अख्खा अंक एकाच पीडीएफमध्ये टाकलात तर गेलं.

कागदपत्रांच्या प्रती जोडाव्या लागत नाहीत. तुमचं संकेतस्थळ हेच कागदपत्र. अर्जात पानांचे दुवे मागतात. उद्दिष्टं आणि व्याप्ती, समीक्षा पद्धत, लेखकांसाठी सूचना, स्वामित्वहक्क आणि संपादक मंडळ: किमान ५ जण, नाव आणि संस्थेसह. लेखकांकडून पैसे घेत नसाल तर तसं स्पष्ट लिहा. रिकामी जागा म्हणजे ‘शुल्क नाही’ असं कुणी धरत नाही.

आयएसएसएनचं, म्हणजे नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांकाचं, नीट पाहा. आयएसएसएन पोर्टलवरचं नाव आणि संकेतस्थळावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आमच्या मुखपृष्ठावर ‘संशोधन पत्रिका’ आणि नोंदीत ‘संशोधनपत्रिका’ होतं; एवढ्यावरून पत्रव्यवहार झाला.

दुसरी खोच परवान्याची. ओजेएसमधल्या वितरणाच्या सेटिंगमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स हा खुल्या वापराचा परवाना निवडला तरी आधी प्रसिद्ध झालेल्या लेखांना तो लागू होत नाही. त्यासाठी ‘टूल्स’मध्ये जाऊन लेखांच्या परवानग्या रीसेट कराव्या लागतात. पीडीएफवर ‘सर्व हक्क राखीव’ उरलं नाही ना, तेही बघा. आम्ही सतरा पीडीएफ नव्याने बनवल्या.

संपादक, मंडळाचे सदस्य किंवा समीक्षक लेखक असलेले निबंध शेवटच्या दोन अंकांत २५ टक्क्यांपुढे नकोत. छोट्या विषयांत हे जड जातं, तरी नियम मला पटतो.

अर्ज ऑनलाइनच, खातं उघडून. फेटाळला तर साधारण ६ महिने पुन्हा करता येत नाही. मंजूर झाला, की डीओएजेच्या खात्यातली एपीआय की (दोन प्रणाली जोडणारा सांकेतिक क्रमांक) ओजेएसच्या डीओएजे प्लगइनमध्ये, म्हणजे जोड-सुविधेत, टाका आणि लेखांचा मेटाडेटा (शीर्षक, लेखक अशी माहिती) तिथूनच पाठवा.